पेट्रोल सोडून ई-गाडी घेताय? भोर-वेल्ह्यात आधी घरचा मीटर बघा

भोर/वेल्हे : पुणे-सातारा महामार्गावर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता रोजच्याच झाल्या आहेत. शिरवळ, खेड शिवापूर आणि पुण्याला कामाला जाणारी आपल्याकडची मंडळीही पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून ई-गाडीची चौकशी करू लागली आहेत. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

रोजच्या ये-जा करणाऱ्याला या प्रश्नाची फार चिंता नको. ३० युनिटची बॅटरी असलेली लहान चारचाकी कंपनी काहीही सांगो, २०० किलोमीटरच्या आसपास जातेच. भोरहून पुण्याला जाऊन परत येणं त्यात आरामात बसतं. खरी अडचण पुढची आहे. गाडी रात्री कुठं उभी राहणार? तिथं वायर पोहोचते का? आणि लाईट टिकते का? आपल्या दोन तालुक्यांत ई-गाडी परवडते की नाही, ते यावरच ठरतं.

हिशोब काय सांगतो?

समजा, नसरापूर भागातला माणूस रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,७५० किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला १८ देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर महिन्याला जवळपास १०,१०० रुपये जातात. तेवढ्याच अंतराला ई-गाडी साधारण २४५ युनिट खाते.

इथं लोक एक चूक करतात. आपलं आत्ताचं बिल कमी आहे, म्हणून त्याच दराने गुणाकार करतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. घरात १०० युनिट जळत असतील, तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडणार. त्यामुळे गाडीच्या विजेला सगळे आकार धरून युनिटमागे १३-१४ रुपये पकडलेले बरे. म्हणजे सव्वातीन ते साडेतीन हजार रुपये. तरीही महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास वाचतात. पेट्रोल गाडीपेक्षा ई-गाडीला ३ लाख जास्त मोजले असतील, तर चार वर्षांत ते वसूल होतात.

आता दुसरा माणूस घ्या. गाडी दारात उभी असते, बाजार, दवाखाना, लग्नकार्य मिळून महिन्याला ५०० किलोमीटर होतात. त्याचे वाचणार फार तर दोन हजार. तेच ३ लाख वसूल व्हायला बारा वर्षं लागतील. बॅटरीची हमी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते. म्हणजे ज्याची गाडी कमी फिरते, त्याने घाई करू नये. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ई-गाडीवर तो ५ टक्केच आहे, पण दोन्हींतलं अंतर पूर्वीपेक्षा कमी झालं.

स्कूटरचं गणित मात्र सोपं आहे. महिन्याला १,००० किलोमीटरला पेट्रोल २,३०० रुपयांचं, तर वीज ३५ युनिटची, म्हणजे चार-पाचशे रुपयांची. एवढ्या युनिटने बिलाचा टप्पाही फारसा हलत नाही.

वाडीवर गाडी, पण वायर कुठून?

शहरात पार्किंगची अडचण, आपल्याकडे वेगळीच. वेल्ह्यातल्या अनेक वाड्यांवर घर वर आणि गाडी खाली रस्त्याला. पन्नास-शंभर मीटर वायर ओढून रात्रभर चार्जिंग करणं म्हणजे आगीला आमंत्रण. अशा घराने चारचाकीचा विचार सध्या सोडावा आणि स्कूटर घ्यायचीच तर बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच घ्यावी.

गाडी दारात येत असेल तरी साधा मोबाईलचा बोर्ड चालत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र जाड वायर आणि खरंखुरं अर्थिंग लागतं. अर्थिंग नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत आणि दोष गाडीला दिला जातो. अशा सॉकेटवर तासाला जेमतेम ३ युनिट भरतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला १० ते ११ तास. संध्याकाळी डीपीवर लोड असताना व्होल्टेज पडतो, तेव्हा वेळ आणखी वाढतो. मीटरचा मंजूर भार वाढवावा लागेल का, हे वायरमनला आधीच विचारा.

पावसाळ्यात तोरणा-राजगडाच्या पट्ट्यात झाड पडून लाईट जाणं नवं नाही. घरातला इन्व्हर्टर गाडी भरू शकत नाही, त्याच्यात दीड-दोन युनिटच असतात. म्हणून जून ते सप्टेंबर बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ न देण्याची सवय लावावी लागते.

आणि एक धोक्याची सूचना. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, म्हणून विहिरीवरच्या जोडणीवर गाडी लावू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याऐवजी दुसऱ्या कामाला वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते.

घाटात काय होतं?

पाबे घाट, वरंध घाट, मांढरदेवीचा घाट चढताना चार्जिंगचा आकडा भराभर उतरतो आणि नवा चालक घाबरतो. हिशोब असा : माणसांसह सोळाशे-सतराशे किलोची गाडी ५०० मीटर उंच चढवायला सव्वादोन ते अडीच युनिट जास्त लागतात, म्हणजे सपाटीवरचे पंधरा-अठरा किलोमीटर. उतरताना मोटर उलटी चालून त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. त्यामुळे चढाला घाबरायचं कारण नाही, पण घाट चढून वरच राहणाऱ्याने ते युनिट खर्चातच धरावेत.

सरकारी सवलत आपल्याला किती?

महाराष्ट्राचं ई-वाहन धोरण २०२५ हे ३१ मार्च २०३० पर्यंत आहे, तरतूद १,९९३ कोटींची. मोटार वाहन कर माफ आहे. पण ज्या टोलमाफीची चर्चा जास्त होते, ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी. आपल्या रोजच्या वाटेवरचा खेड शिवापूर टोल राष्ट्रीय महामार्गावरचा आहे आणि तो त्या यादीत नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय हेही धोरणात लिहिलेलं आहे. महामार्गालगतच्या हॉटेलांत चार्जर दिसू लागलेत. पण कापूरहोळ किंवा चेलाडी फाट्यावरून आत वळलं, की त्यांचा भरवसा धरता येत नाही. धोरण महामार्गाचा विचार करतं, तालुक्याचा नाही.

घरावर सौर पॅनेल बसवणाऱ्याचं गणित मात्र खूप बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि एवढे पॅनेल महिन्याला तीनशेच्या वर युनिट देतात, पावसाळ्यात बरेच कमी. पुण्याला रोज ये-जा करणारी गाडी त्यावर निघू शकते.

मागणी कुणी करायची?

जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. गुंजवणे आणि पाली गावात येणाऱ्या पर्यटकांत ई-गाडीवालेही असणार. चार्जिंगचा धंदा करायला वेगळा परवाना लागत नाही, महावितरणची त्यासाठीची स्वतंत्र जोडणी लागते. गडाच्या पायथ्याला जेवणाची सोय करणाऱ्यांना हा जोडधंदा होऊ शकतो. चार्जिंगला वेळ लागतो आणि गड चढून यायलाही लागतोच.

पण भोर एसटी स्टँड, नसरापूर बाजारपेठ आणि वेल्हे गावात प्रत्येकी एक सार्वजनिक चार्जर आणि पावसाळ्यात टिकणारी लाईन, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातूनच पुढे जायला हवी. येत्या ग्रामसभेत रस्ता-पाण्यासोबत हा विषयही मांडा. नाहीतर ई-गाडी पुण्यात बंगला असणाऱ्याला स्वस्त पडेल आणि वाडीवरचा माणूस पेट्रोलच भरत राहील.