हिंगोली जिल्ह्यातील रानपक्ष्यांच्या कायमस्वरूपी शास्त्रीय अभ्यासाबाबत निवेदन

दिनांक : ५ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती,
हिंगोली.

विषय : येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर जलाशय आणि लगतच्या माळरानांवरील रानपक्ष्यांची नियमित गणना, रोगनिगराणी व विणीच्या जागांचे संरक्षण यांसाठी तरतूद करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील पक्षिनिरीक्षक, शिक्षक, शेतकरी आणि धरणांवर जाळे टाकणारे मच्छीमार आहोत. आजपासून राज्याचा पक्षिसप्ताह सुरू होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस, म्हणून हे आठ दिवस २०२० साली ठरवले गेले. चितमपल्ली जूनमध्ये गेले; त्यांच्या पश्चातला हा पहिलाच सप्ताह. शाळांतून प्रभातफेऱ्या निघतील, चित्रकला स्पर्धा होतील, त्यांना आमची ना नाही. परंतु आठवडा सरला की जिल्ह्यातले पक्षी मोजणे, त्यांच्या आजारांवर लक्ष ठेवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत राहत नाही. पक्षी मेले की मात्र सगळ्या यंत्रणा एकदम जाग्या होतात. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केले. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात आणि दापोलीला मेलेल्या कावळ्यांतही हा रोग आढळला. त्याच्या थोडे आधी हिमाचलच्या पोंग जलाशयावर हजारो पाणपक्षी मेले होते, त्यांत बहुतांश पट्टकादंब हंस. हेच हंस हिवाळ्यात मराठवाड्यातल्या धरणांवरही उतरतात. याच वर्षी जानेवारीत उदगीरला कावळे पटापट पडू लागले आणि तिथेही निदान बर्ड फ्लूचेच आले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या आजूबाजूला हा रोग येऊन गेला आहे. कोंबड्यांत रोग आणण्याचा दोष सरसकट रानपक्ष्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. पिल्लांची, अंड्यांची आणि खाद्याच्या पोत्यांची ने-आण हाही त्याचा मोठा रस्ता आहे. पण कोणत्या जलाशयावर, कोणत्या महिन्यात, कोणते पक्षी आणि साधारण किती असतात, हेच नोंदलेले नसेल तर मेलेले पाच पक्षी नेहमीचे की धोक्याची सूचना, हे ठरवणार कोण?

म्हणून आमची पहिली आणि तातडीची मागणी रोगनिगराणीची. मेलेला पक्षी उन्हात पडला की एका दिवसात तपासणीच्या उपयोगाचा राहत नाही. नमुना बर्फात ठेवून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि पुढे भोपाळला जातो. ही साखळी पहिल्याच कडीत, म्हणजे गावात, तुटते. पक्षी कोणी उचलायचा, वन विभागाने की पशुसंवर्धन विभागाने, यातच दुपार होते. प्रत्येक तालुक्यात एका पशुवैद्यकीय दवाखान्याला ही जबाबदारी लेखी द्यावी. तेथे हातमोजे, नमुन्याच्या नळ्या, बर्फाची पेटी आणि वाहनासाठी तरतूद असावी, आणि कळवण्यासाठी एकच दूरध्वनी क्रमांक सर्व ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावा. अहवाल आल्यावर तो कळवणाऱ्या गावाला सांगितला जावा, नकारार्थी असला तरीही. विषबाधेचा संशय असेल तेथे बर्ड फ्लूचा अहवाल नकारार्थी आला म्हणून प्रकरण बंद करू नये. पोटातील अवशेषांची रासायनिक तपासणी व्हावी. हळद, कापूस आणि सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत हा भेद आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्याच शेतात आमची माणसेही राबतात.

आता विणीच्या जागांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न कार्यालयात बसून लक्षात येणारा नाही.

फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागले की येलदरी आणि सिद्धेश्वरच्या पात्रात बेटे व गाळाचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, आर्ली, कंठेरी चिखल्या, टिटवी हे पक्षी अशा उघड्या जमिनीवर, काडीचाही आडोसा न करता, अंडी घालतात. अंड्यांचा रंग मातीसारखाच, त्यामुळे पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. याच जमिनीवर गाळपेर होते, टरबूज-काकडी लावली जाते, गुरे उतरतात. दुसरी अडचण पाण्याची. येलदरीतून उन्हाळी आवर्तन सुटले की खालच्या सिद्धेश्वरची पातळी चढते आणि बेटाच्या कडेची घरटी पाण्याखाली जाऊ शकतात. वर येलदरीत मात्र पातळी घटून बेट काठाला जोडले जाते आणि कुत्र्यांना वाट मिळते. एकाच पाणीपाळीत दोन्ही धरणांवर, दोन वेगळ्या कारणांनी, एकाच पक्ष्याची वीण बुडू शकते. शेतीचे पाणी अडवा, असे आम्ही म्हणत नाही, म्हणणारही नाही. आमच्यातले निम्मे लोक त्याच पाण्यावर जगतात. मागणी इतकीच की सलग तीन उन्हाळे घरट्यांची मोजणी आणि पाण्याच्या पातळीची नोंद शेजारी-शेजारी ठेवावी. त्यातून कदाचित असे दिसेल की आवर्तन चार दिवस पुढे-मागे केल्याने किंवा दोन-तीन बेटे गाळपेरीच्या वाटपातून वगळल्याने काम भागते. कदाचित तसे दिसणारही नाही. पण आज दोन्ही बाजू अंदाजानेच बोलतात.

येथे कायद्यातली एक फटही आपल्या निदर्शनास आणून देतो. २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांतून खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. इसापूरच्या फुगवट्याला अभयारण्याचे संरक्षण आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर त्या नियमांच्या छत्राबाहेर राहतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मात्र रानपक्ष्यांची अंडी वा घरटी उद्ध्वस्त करणे शिकारीच्याच व्याख्येत येते. तेव्हा गाळपेरीचे पट्टे देताना विणीच्या जागांची अट घालण्यास आधार आहे. पाटबंधारे, महसूल आणि वन या तीन विभागांनी एकत्र बसून मार्चपूर्वी अशा जागांचा नकाशा करावा, ही आमची दुसरी मागणी.

तिसरी मागणी गणनेची. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, गोंदियात सारसांची गणना स्थानिक लोकांना बरोबर घेऊन होते. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात देशातल्या ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींना संवर्धनाचा उच्च अग्रक्रम देण्यात आला. हे सारे सामान्य निरीक्षकांनी टिपलेल्या नोंदींवर उभे राहिले. जिथून नोंदी जात नाहीत, तो भाग अशा अहवालांत कोराच राहतो, आणि कोऱ्या भागाला निधी मिळत नाही. वनपिंगळा नामशेष झाला असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळ शोधायला माणसे गेली तेव्हा तो ११३ वर्षांनी पुन्हा सापडला. हिंगोलीच्या माळरानावर धाविक किती उरले, शेजारच्या वाशीमकडचा तणमोर पावसाळ्यात आपल्या सेनगावच्या गवतात येतो का, याची उत्तरेही कोणी शोधायला गेल्यावरच मिळतील. त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. त्यांच्याशी जिल्हा प्रशासनाने पाच वर्षांचा करार करावा, आणि पक्षी पकडून कडी घालण्यासारख्या कामांना अधिनियमाच्या कलम १२ खालील परवानगी लागते, तिचे प्रस्ताव विनाविलंब पुढे पाठवावेत.

या अभ्यासात भोरड्यांचा विषय असावा, असा शेतकऱ्यांचा आग्रह आहे. मध्य आशियातून येणारे हे थवे ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, म्हणून आम्ही गोफणी घेऊन उभे राहिलो. आता ज्वारी घटली, सोयाबीन आणि हळद वाढली. भोरड्या किडे आणि टोळही खातात. पीक बदलल्यावर त्या काय खातात, किती येतात, फवारणीचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दोन हंगामांत तपासता येईल.

गिधाडांबाबत थोडक्यात. डायक्लोफिनॅक पाजलेल्या जनावरांचे मढे खाऊन पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी ते औषध २००६ पासून, किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत. निमेसुलाइडवरही बंदी आली आहे. जिल्ह्यातील औषध दुकानांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी आणि मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय दवाखान्यांत पुरेसा ठेवावा.

औंढा तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहत आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारा थरथराट ऐकण्यासाठी ही जागा निवडली गेली, ती जमीन इथे शांत आहे म्हणून. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या आसपास वर्दळ कमी ठेवावी लागणारच आहे. तेव्हा त्या परिसरातल्या माळपक्ष्यांची बांधकामाच्या काळातील आणि नंतरची मोजणी प्रकल्पाच्या सहकार्याने व्हावी. विश्वाची चाहूल घेणाऱ्या तालुक्यात कुंपणावर बसलेल्या चंडोलाची नोंद घेणारी एखादी वही असायला हरकत नसावी.

मच्छीमारांची मागणी वेगळी आहे आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जाळ्यात पक्षी अडकून मेला आणि त्याच्या पायात कडी असली, तर ती कडी म्हणजे संशोधकाला हवा असलेला पुरावा असतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कड्या घालत आहे. अशा एकेका कडीवरून पक्ष्यांचे प्रवास कळले आहेत. पण गुन्हा दाखल होईल या भीतीने जाळेवाला पक्षी कडीसकट पाण्यात फेकून देतो. मेलेला वा कडीचा पक्षी आपणहून कळवणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात अडकवले जाणार नाही, असे परिपत्रक वन विभागाने काढावे आणि ते धरणांवरच्या मच्छीमार सहकारी संस्थांत वाचून दाखवावे. हे एक पाऊल कोणत्याही निधीशिवाय उद्या होऊ शकते.

उरलेल्या कामांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून निधी द्यावा आणि ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांतील पक्ष्यांची पाने या गणनेतून नव्याने भरून घ्यावीत. जानेवारीची गणना हुकली तर वर्ष वाया जाते. म्हणून संबंधित विभागांची बैठक आपण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोलवावी व आमच्या पाच प्रतिनिधींना, त्यांत किमान दोन मच्छीमार, तिला बोलावणे असावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
हिंगोली जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षक, शिक्षक, शेतकरी व मच्छीमार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : विभागीय वन अधिकारी, हिंगोली; जिल्हा पशुसंवर्धन विभाग, हिंगोली; येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर प्रकल्पांचे कार्यकारी अभियंते.