प्रत आहे, पण परत येईल का?

‘बॅकअप घेतला जातो’ असा शेरा मारून प्रशासन निश्चिंत होते. मला हे मान्य नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे आमचे जबलपूर भूकंपाने हादरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. मूळ माहिती व तिची प्रत एकाच इमारतीत ठेवणे म्हणजे दोन्ही एकदम गमावण्याची तयारी.

रविवारच्या पूर्ण प्रतीनंतरचा प्रत्येक बदल आर्काइव्ह लॉगमध्ये असतो. डिस्क भरली म्हणून सोमवारचा लॉग पुसला, तर बुधवारच्या बिघाडानंतर मंगळवारचा लॉगही निरुपयोगी ठरतो. म्हणून लॉग पुसण्यापूर्वी परगावी पोचलाच पाहिजे. प्रतीवरून माहिती पुन्हा उभी करून पाहिलीच पाहिजे. अन्यथा खसऱ्याची नोंद हरवलेल्या शेतकऱ्याला आपण कोणता शेरा दाखवणार?