दहा सेकंदांचे वचन

युरोपातील बँकांनी परस्परांकडे तत्काळ पैसे पाठविण्याची योजना नोव्हेंबर २०१७ मध्ये आरंभिली. प्रथम ती ऐच्छिक होती. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने ती युरो चलनाच्या देशांत बंधनकारक केली: ९ जानेवारी २०२५ पासून अशी रक्कम स्वीकारणे, आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठविण्याची सोय करणे. रात्र असो वा रविवार, रक्कम दहा सेकंदांत पोहोचली पाहिजे. तरीही काही व्यवहार फसतात. ते का, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिले कारण त्या वचनातच आहे. साध्या हस्तांतरणात बँकेचे यंत्र मंदावले तर रक्कम उशिरा पोहोचते; येथे उशिराला जागाच नाही. घेणाऱ्या बँकेचा होकार मुदतीत आला नाही, की व्यवहार रद्द. दुसरे असे की, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ‘टिप्स’ यंत्रणेत हिशेब जागच्या जागी चुकता होतो. तेथे पाठविणाऱ्या बँकेची शिल्लक आधीच असावी लागते. ती अपुरी पडली, तर ग्राहकाच्या खात्यात पैसे असूनही व्यवहार अडतो. याखेरीज बंद झालेले खाते, ओलांडलेली मर्यादा, फसवणुकीचा संशय ही कारणे आहेतच. पूर्वी निर्बंधयादीतील नावाशी केवळ साम्य असल्यामुळे निरपराधाचीही रक्कम अडे. आता संघाच्या यादीशी प्रत्येक व्यवहार न ताडता, बँकांनी आपले ग्राहकच रोज किमान एकदा ताडावेत, असा नियम झाला आहे.

नकार हा आमच्या मते दोष नव्हे. रक्कम अधांतरी लोंबकळण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा. मुदतीत होकार न आल्यास ती त्वरित परत जमा करण्याची सक्तीही कायद्यात आहे. दोष आहे तो मौनाचा. नकाराचे कारण बँका परस्परांना सांकेतिक अक्षरांत कळवितात. ग्राहकाच्या हाती मात्र पुष्कळदा ‘व्यवहार अयशस्वी’ एवढेच दोन शब्द पडतात. घरभाड्याची मुदत आज संपत असलेल्या भाडेकरूने पुन्हा प्रयत्न करावा, क्रमांक तपासावा, की दुसरा मार्ग शोधावा? संशयाची प्रकरणे वगळता, ते कारण त्याला त्याच्या भाषेत सांगण्यास कोणती अडचण आहे? बँकेला जे दहा सेकंदांत कळते, ते खातेदाराला अकराव्या सेकंदाला कळलेच पाहिजे. वेगाचा कायदा झाला. आता खुलाशाचाही व्हावा.