चिमुकल्या गाडीतला बंब



तुम्ही बंब पाहिलाय का? तांब्याचा, मधोमध नळी असलेला? शहरातल्या मुलांनी बहुधा तो आजोळीच पाहिला असेल. मधल्या नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. जाळ पाण्याला शिवत नाही, तरी पाणी कढत होतं. धूर वरच्या तोंडातून निघून जातो. हा बंब नीट डोक्यात ठेवा बरं का! कारण आज तो आपल्याला एका मोटारीत बसवायचाय. तीही दोनच माणसांच्या, बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये!

माझा आतेभाऊ जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. त्याच्याकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे. ही गाडी जपानी. १९८९ साली ती पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. लांबी जेमतेम चार मीटर, छत कापडी. उन्हाळ्यात छत मागे टाकून फिरायला मोठी मजा! पण हिवाळ्यात? काचेवर बर्फाचा पापुद्रा बसतो. मागची खिडकी प्लॅस्टिकची, ती थंडीनं कडक होते. भाऊ रोज सकाळी काच खरवडत बसायचा. "ताई, बोटं बधिर होतात गं!" फोनवर त्याची रोजची तक्रार.

तुम्ही म्हणाल, गाडी चालू करून ठेवायची, आपोआप तापेल! पण जर्मनीत उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला कायद्यानं मनाई आहे. बरं, काचेला छोटंसं भोक पाडून त्यातून बघत गाडी हाकणंही चालत नाही. सगळी काच साफ हवी. मग करायचं काय? गाडीत बसवायचा जादा हीटर!

हा हीटर म्हणजे आपला बंबच. आकारानं बुटाच्या खोक्यापेक्षा लहान, वजन तीन किलोच्या आसपास. एक छोटा पंप टिक-टिक करत थोडं थोडं पेट्रोल आत सोडतो. पंखा हवा देतो. एक तापलेली कांडी ते पेटवते. जाळ आत, पाणी भोवती! हे पाणी इंजिनाचंच असतं. दुसरा पंप ते फिरवतो, आणि गाडीचा पंखा त्याची ऊब आत सोडतो. अर्ध्या तासाला साधारण पाव लिटर पेट्रोल लागतं. इंजिन मात्र बंदच!

एक गंमत सांगू? असे हीटर बनवणाऱ्या दोन नावाजलेल्या कंपन्या, १८६५ सालची एबरश्पेशर आणि १९०१ सालची वेबास्टो, दोन्ही स्टुटगार्टजवळच्या एसलिंगेन गावातच सुरू झाल्या. वेबास्टो पुढे स्टॉकडॉर्फला गेली. विल्हेल्म बायर हा तिचा संस्थापक. माणसाच्या आणि गावाच्या नावातली अक्षरं जोडून 'वेबास्टो' हे नाव झालं.

हीटर तर मिळाला. पण ठेवायचा कुठे? भावानं बॉनेट उघडून फोटो काढले आणि मला पाठवले. आत बोटभर जागा दिसेना! मी ते फोटो माझ्या चौथीच्या वर्गात दाखवले. म्हटलं, "शोधा जागा!" मग काय, वर्गात बाजार भरला.

"बाई, डिकीत!" एक जण ओरडला. पण या गाडीची बॅटरी आणि जादा चाक डिकीतच असतं. शिवाय इंजिन पुढे, डिकी मागे. पाणी गाडीभर फिरवून आणायचं तर वाटेतच निवून जाईल.

"दिव्याच्या खाली! तिथे पोकळी दिसतेय." दिसतेय खरी. पण या गाडीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात आणि दिवसा मिटून त्याच पोकळीत बसतात!

"मग चाकाच्या वर." अरे, पण खड्ड्यातून जाताना चाक वर उसळतं, वळताना तिरकं होतं. ती जागा चाकाची आहे.

"रेडिएटरसमोर!" मग रेडिएटरला वारा कसा मिळणार?

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, समोरच्या काचेच्या खाली ठेवा ना. ऊब लगेच आत येईल." सगळ्यांना पटलं. खरं सांगते, मलाही पटलं. भावालाही हीच जागा आवडली होती. पण त्याच्या मेकॅनिकनं मान हलवली. कारण गाडीत बसणाऱ्यांसाठी हवा आत घेणारी जाळी तिथेच असते. हीटरचा धूर त्या जाळीतून थेट आत जाईल.

हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी न्हाणीघरात गॅसचा गिझर लावला, आणि थंडी वाजते म्हणून खिडकी घट्ट बंद केली. थोड्या वेळानं डोकं जड झालं, पाय लटपटायला लागले. आई दाराशी येऊन हाका मारत होती. मी कशीबशी कडी काढली आणि तिच्या अंगावरच कोसळले. हवा कमी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून तो कळतच नाही. त्या दिवशी आई घरी नसती तर आज ही गोष्ट सांगायला मी नसते.

मग गाडीतला बंब शेवटी कुठे बसला? पुढच्या चाकाच्याही पुढे, बंपरच्या कोपऱ्यात. तिथून इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या जवळ. जागा खालच्या अंगाला, म्हणजे पाण्यात हवेचा बुडबुडा अडकत नाही. चिखल उडू नये म्हणून आडपडदा लावला. टिक-टिक करणारा पंप मागे, पेट्रोलच्या टाकीजवळ बसवला. आणि धुराची नळी? ती खाली, मोकळ्यावर, जाळीपासून दूर. तिला वायर किंवा प्लॅस्टिक लागणार नाही अशी. सगळ्यात जास्त वेळ त्या नळीनंच खाल्ला.

दोन नियमही मेकॅनिकनं भावाला पाठ करायला लावले. बंद गॅरेजमध्ये हा हीटर कधीच लावायचा नाही. आणि पेट्रोल भरताना तो बंद असलाच पाहिजे. शिवाय पंखा आणि पंप बॅटरीवर चालतात, म्हणून जेवढा वेळ हीटर चालला, निदान तेवढा वेळ गाडी चालवायची. नाहीतर काच साफ, पण गाडी जागेवरच!

आता भाऊ अंथरुणातूनच बटण दाबतो आणि चहा घेऊन खाली उतरतो, तोवर काचेवरचं बर्फ वितळलेलं असतं. ऐट बघा!

आता तुमचा गृहपाठ. घरात गॅसचा गिझर आहे का? तो न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर? त्याचा धूर कुठून जातो? खिडकी किंवा झरोका उघडा असतो का? आज संध्याकाळी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन बघा. गिझरला हात मात्र लावायचा नाही हं! धूर बाहेर जायला वाट नसेल, तर ती होईपर्यंत गिझर लावू नका म्हणून हट्ट धरा. एरवी हट्ट करू नये म्हणते, पण हा करा. आणि काय काय दिसलं, ते मला पत्रानं कळवा.

तुमची,
बाई