८ जीबी की १६ जीबी? ग्राफिक्स कार्ड घेताना आकड्याला भुलू नका!

हिंगोली असो की वसमत, गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांचा सध्याचा पेच एकच: कार्ड ८ जीबीचं घ्यायचं की १६ जीबीचं? एनव्हिडियाने एप्रिल २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय दोन्ही क्षमतांमध्ये आणलं. चिप तीच, अमेरिकेतल्या तेव्हाच्या अधिकृत किमतीत फरक ५० डॉलरचा होता.

मेमरी जास्त म्हणजे वेग जास्त, असं नाही. जीटी ७३० हे ४ जीबीचं असलं तरी आजच्या गेमपुढे हतबलच! पण नव्या, जड गेमचे टेक्स्चर ८ जीबीत मावले नाहीत, तर डेटा पीसीच्या रॅममधून आणावा लागतो आणि गेम अडखळतो.

त्यात एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरी महागली. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने रॅम-एसएसडीचा ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जड गेम खेळणार असाल तर १६ जीबीच बघा. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याने मात्र त्यासाठी खिसा रिकामा करू नये.