मुखपट्टी कोणासाठी?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. वरच्या बाजूच्या बागायतदाराने पाळी संपताच दार बंद केले, तर त्याचा लाभ त्याला स्वतःला होत नाही; तो खाली टेलकडील शेतकऱ्यास मिळतो. मुखपट्टीचे तत्त्व असेच आहे. परंतु करोनाच्या साथीत ते थोड्यांनाच उमगले. फवारणी किंवा मळणीच्या वेळी तोंडास फडके बांधावयाचे ते स्वतःच्या रक्षणासाठी, ही शेतकऱ्याची जुनी सवय. साहजिकच, “मी धडधाकट आहे, मला पट्टी कशाला?” असा प्रश्न पुढे आला.

वास्तविक, लक्षणे दिसण्यापूर्वीच बाधित मनुष्य दुसऱ्यास रोग देऊ शकतो. बोलताना व खोकताना उडणारे तुषार तोंडाजवळ ओले व मोठे असतात. तेथे ते साध्या कापडानेही बऱ्याच अंशी अडतात. हवेत वाळून ते सूक्ष्म झाले म्हणजे अडविणे कठीण. झडपेच्या एन-९५ पट्टीतून उच्छ्‌वास तसाच बाहेर पडतो. म्हणून जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने तिचा वापर करू नये असे राज्यांना कळविले. पैसे अधिक मोजून शेजाऱ्याचे रक्षण मात्र होत नव्हते!

दंडाने हे शिक्षण झाले नाही. पोलीस दिसताच हनुवटीवरील पट्टी नाकावर चढे, इतकेच. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० खेड्यांत झालेला प्रयोग ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. घरोघर मोफत वाटप, गावच्या प्रमुखांचे उदाहरण आणि बाजारात, मशिदीत समक्ष आठवण, एवढ्यावर वापर शेकडा १३ वरून ४२ वर गेला. बक्षिसांनी व मोबाइलवरील संदेशांनी त्यात भर पडली नाही. आजार थोडाच घटला, पण घटला.

२०२० व २०२१ साली तुकोबांची पालखी ह्या तालुक्यांतून पायी गेली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपुरास नेण्यात आल्या. वारकऱ्यांनी इतरांसाठी वारी सोडली, त्यापुढे वीतभर कापडाचे ओझे ते काय?

२ एप्रिल २०२२ पासून राज्यात सक्ती उरली नाही. तरीही खोकला असताना दूध घालावयास किंवा वृद्धाच्या भेटीस जाणाऱ्याने हुकुमाची वाट पाहू नये. कार्यकर्त्याने प्रथम स्वतः पट्टी बांधावी, नाक झाकून. ओली होताच ती बदलावी आणि कापडी असल्यास साबणाने धुऊन उन्हात वाळवावी.