क्रांती चौकात ‘मॉड्युलर’ खोली: बांधकाम झटपट, पण भाडं?

क्रांती चौकातून इकडे जालना रोडने शेंद्रा, तिकडे वाळूज. नोकरी कुठेही लागो, राहायला हे मधलं ठिकाण सोयीचं. सध्या परवडते ती कॉट बेसिसची जागा. को-लिव्हिंग ही त्यापुढची पायरी: झोपायची खोली स्वतःची, किचन, वॉशिंग मशीन, वाय-फाय सगळ्यांचं.

मॉड्युलर म्हणजे काय? अख्खी खोली साच्यात काँक्रीट ओतून आधीच तयार करायची, ट्रेलरवरून आणायची आणि क्रेनने एकावर एक बसवायची. रांचीत केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पातली १,००८ घरं याच पद्धतीची. वेळ वाचतो, पण साचे महाग. एकसारख्या शेकडो खोल्या असतील तरच ते परवडतं.

खरी अडचण जमिनीची. खोली कितीही झटपट बसवा, मोक्याच्या जागेची किंमत भाड्यातूनच वसूल होणार. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये भाड्याच्या घरांसाठी वेगळा घटक आहे. त्याला सरकारी जमिनीची जोड मिळाली, तरच चौकाजवळचं गणित जमेल.

तोपर्यंत खोली बघायला जाल तेव्हा विचारा: एका बाथरूममागे किती जण? डिपॉझिट परत कधी? आणि सलग किमान ९० दिवस राहणार असाल, माणशी महिन्याला २०,००० रुपयांपर्यंत भाडं असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. कुणी मागितलाच, तर हा नियम दाखवा.